कंपनीचे स्वयंसेवक बोलावण्यापूर्वी संस्थेने करावयाची तयारी

शहरातील वस्त्यांमध्ये अभ्यासिका चालवणाऱ्या लहान संस्थांना डोळ्यांसमोर ठेवून ही यादी लिहिली आहे. पहिले काम कार्यकर्त्यांना एकत्र बसवून आपली गरज लिहून काढण्याचे. कोणते काम माणसांअभावी अडले आहे, त्याला कोणते कौशल्य लागते, ते एका दिवसात उरकते की महिनोन्महिने चालते, हे आपल्यालाच स्पष्ट नसेल तर कंपनी तिच्या सोयीचे काम सुचवते आणि गेल्या वर्षीच रंगवलेली वर्गखोलीची भिंत पुन्हा रंगवली जाते. एका दिवसासाठी आलेल्या साठ जणांपेक्षा सहा महिने दर दुसऱ्या शनिवारी न चुकता येणारे तिघे मुलांच्या अधिक उपयोगाचे असतात, असे माझे ठाम मत आहे. नववी-दहावीच्या मुलांचा इंग्रजी बोलण्याचा सराव, ग्रंथालयाच्या पुस्तकांची संगणकावर नोंद, हिशेबाच्या तक्त्यांची नीट मांडणी अशी कामे यादीत वर ठेवावीत. हिंजवडीसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या अनेकांना मराठी येत नाही आणि आपली मुले मराठी माध्यमाची असतात, हेही काम ठरवतानाच लक्षात घ्यावे.

त्यानंतर पैसा आणि मनुष्यबळ हे दोन विषय वेगळे करावेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत काढून ती या खर्चात दाखवता येत नाही, हे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे स्वयंसेवक मिळाले म्हणजे निधीही मिळेल, असे गृहीत धरू नये. अनेक कंपन्यांत स्वयंसेवेचा विषय मनुष्यबळ विभागाकडे आणि निधीचा सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागाकडे असतो, म्हणून दोन्हीकडे स्वतंत्रपणे बोलावे. निधीही हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झालेली, याच मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी करून घ्यावी. धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे नोंदणी प्रमाणपत्र, आयकर सवलतीची (१२अ व ८०जी) पत्रे, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि विश्वस्तांची यादी एका फाइलमध्ये असावी.

मुलांच्या सुरक्षिततेची तयारी मात्र कुणाच्याही आग्रहाखातर पुढे ढकलू नये. कोणताही स्वयंसेवक मुलासोबत एकटा राहणार नाही, फोन नंबरांची देवाणघेवाण होणार नाही, पालकांच्या लेखी संमतीशिवाय छायाचित्र काढले जाणार नाही आणि कुणी एकाच मुलाला परस्पर भेटवस्तू देणार नाही, हे नियम मराठी आणि इंग्रजीत छापून पहिल्याच दिवशी प्रत्येकाची सही घ्यावी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ते पाहुण्यांइतकेच आपल्या ताई-दादांनाही ठाऊक हवे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या व्याख्येत स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही येते. म्हणून संस्थेत दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती कागदावर नव्हे, प्रत्यक्ष कार्यरत असल्याची खात्री करावी.

वर्षाचे वेळापत्रक आपणच आधी कंपनीला द्यावे. मागणी येते ती बहुधा ५ जूनचा पर्यावरण दिन, २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव (देण्याचा आठवडा) किंवा ५ डिसेंबरचा स्वयंसेवक दिन या सुमारास. ५ जूनला महाराष्ट्राच्या बहुतेक भागात पाऊस पोचलेला नसतो आणि त्या दिवशी लावलेली रोपे पाण्यावाचून जळतात, म्हणून वृक्षारोपणासाठी जुलैच मागावा. ऑक्टोबरात सहामाही परीक्षा आणि पाठोपाठ दिवाळीची सुट्टी असते, हेही स्पष्ट सांगावे.

खर्च सांगताना संकोच करू नये. चाळीस पाहुण्यांच्या एका दिवसामागे साहित्य, पाणी, प्रवास आणि आपल्या कार्यकर्त्यांचे तयारीत गेलेले दिवस असतात. हा आकडा प्रस्तावातच लिहावा, नाहीतर तो मुलांच्या खाऊच्या किंवा वह्यांच्या पैशातून जातो.

कंपनी निवडताना मोठ्या नावापेक्षा अंतर पाहावे, कारण कामाच्या दिवशी संध्याकाळी वाहतुकीतून तास-दीड तास काढून येणारा माणूस फार महिने टिकत नाही. आपला एखादा माजी विद्यार्थी किंवा देणगीदार तिथे नोकरीला असेल तर त्याच्यामार्फत बोलणे सुरू करावे आणि तीन महिन्यांचा प्रायोगिक टप्पा मागावा. सामंजस्य करारात कामाचे स्वरूप, कालावधी, दौरा रद्द करायचा झाल्यास किती दिवस आधी कळवायचे, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, बोधचिन्ह आणि छायाचित्रे कोण कुठे वापरणार, हे सर्व असावे. कंपनीकडून संपर्कासाठी दोन नावे घ्यावीत, कारण एक जण नोकरी सोडून गेला की सगळी ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

प्रत्येक भेटीनंतर आठवड्याच्या आत कोण आले, किती तास थांबले आणि नेमके काय काम झाले, याची एक पानी नोंद कंपनीला पाठवावी. ती लिहिण्यापूर्वी मुलांना आणि वर्ग घेणाऱ्या ताईंना विचारावे, आणि त्यांना जे खटकले तेही त्या पानावर यावे.