अंदमानच्या बेटांवर निघण्यापूर्वी: समुद्र खवळला तर, याची तयारी

पुण्यातून मित्रमंडळींचे गट अंदमानला निघतात ते बहुतेक दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत, आणि तयारीची पहिली नोंद इथेच करावी लागते. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. पहिला मोसमी पावसापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत. दुसरा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. पुण्यात आकाश निरभ्र होऊन पहाटे गारवा जाणवू लागतो, त्याच दिवसांत अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असू शकते. मेच्या सुट्टीचा पर्यायही निर्धोक नाही, कारण नैर्ऋत्य मोसमी वारे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे पोहोचलेले असतात. ज्यांना मुलांच्या शाळेचे वेळापत्रक सांभाळायचे नाही त्यांनी जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ निवडावा. ज्यांना दिवाळीतच जाणे भाग आहे त्यांनी बेत रद्द करण्याची गरज नाही, मात्र एखादे ठिकाण वगळून का होईना, दोन दिवस मोकळे ठेवूनच आखणी करावी.

ही काळजी अनाठायी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ बनलेली प्रणाली अंदमानजवळ असताना हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. बोटींच्या फेऱ्या बंद होत्या, आणि अखेर नौदलाच्या जहाजांना त्यांना आणायला जावे लागले. तेच वादळ १२ डिसेंबरला चेन्नईजवळ किनाऱ्यावर आले, म्हणजे परतीच्या वाटेवरचे विमानतळही त्याच्या तावडीतून सुटले नाही.

आता बेटांच्या क्रमाकडे वळू. सगळ्या तयारीत मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सहसा आखणी अशी असते: पहिले एक-दोन दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये स्थळदर्शन, मग हॅवलॉक, मग नील, आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने परत येऊन दुपारचे विमान. या आखणीत संपूर्ण सहलीचा भार एका बोटीवर पडतो. ती बोट सुटली नाही की विमान चुकते, विमान चुकले की चेन्नई किंवा कोलकात्याहून पुण्याचे पुढचे विमानही जाते, आणि सुट्टीच्या हंगामात गटातल्या सगळ्यांना एकत्र जागा मिळायला कित्येक दिवस लागू शकतात. म्हणून क्रम उलटा करावा. हवा चांगली असेल तर उतरल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीच लांबच्या बेटांकडे निघावे आणि परतीच्या विमानापूर्वीच्या निदान दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये काढाव्यात. सेल्युलर जेल, १८८३ पासून चालू असलेली चाथमची लाकूड गिरणी, चिडियाटापूचा सूर्यास्त या सगळ्या ठिकाणी गाडीने जाता येते. त्यांच्यासाठी समुद्राची परवानगी लागत नाही. बेटांवरून एक दिवस उशिरा परतलात तरी त्यांपैकी एखादेच ठिकाण हुकेल, विमान हुकणार नाही. सेल्युलर जेल मात्र कोणत्याही परिस्थितीत वगळू नये आणि घाईतही उरकू नये.

नकाशा आणि तिकिटे पाहताना नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून दोन्ही नावे लिहून घ्यावीत. हॅवलॉक आणि नील यांना २०१८ पासून अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणतात, तर पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. जुनी आणि नवी नावे दोन्ही वापरात आढळतात.

विमानाची तिकिटे काढताना पुणे ते पोर्ट ब्लेअर हा प्रवास शक्यतो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षणात, असावा. पुणे-चेन्नई एका कंपनीचे आणि पुढचे दुसऱ्या कंपनीचे स्वस्त तिकीट जोडून चार पैसे वाचतात खरे, पण पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याची जबाबदारी राहत नाही. हवामानामुळे विमान रद्द झाल्यास कंपनीने पूर्ण परतावा किंवा पर्यायी विमान द्यावे असा नियम आहे. मात्र अशा वेळी वेगळी नुकसानभरपाई देण्याचे बंधन तिच्यावर नसते. हॉटेलचे बुडालेले पैसे प्रवास विमा असेल तरच मिळू शकतात, आणि तो विमा वादळाची बातमी येण्यापूर्वी काढलेला असायला हवा. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेल्या पॉलिसीत त्या वादळाचा दावा सहसा बसत नाही. पॉलिसीत विलंब, प्रवास खंडित होणे आणि मुक्काम वाढणे या तीन गोष्टींसाठी काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे; एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

हवामानाचा अंदाज पाहण्याची सवय निघण्याच्या दोन आठवडे आधी लावावी. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातील कार्यालयावरून, रोज ये-जा करणाऱ्या पुणेकराला हवामान खाते नवीन नाही, तरी आपण सहसा फक्त पावसाचे चित्र पाहतो, आणि बेटांच्या प्रवासात पाऊस ही दुय्यम गोष्ट आहे. भर पावसात बोट सुटते, पण स्वच्छ उन्हात वारा आणि लाटा वाढल्या तर ती धक्क्याला बांधलेलीच राहते. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांत कमी दाबाचे पट्टे तयार होण्याची शक्यता सांगणारे पत्रक काढतो. ते आधी पाहावे. त्यानंतर रोजच्या पत्रकात अंदमानच्या समुद्रासाठी मच्छीमारांना दिलेला इशारा शोधावा. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असे सांगितले असेल, तर पर्यटकांनीही आपल्या बेताचा फेरविचार करावा. वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर त्या कमी दाबाच्या प्रणालीला डिप्रेशन म्हणतात, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन, आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ. अनेकांचा समज असतो की ‘चक्रीवादळ’ हा शब्द आला नाही म्हणजे धोका नाही. प्रत्यक्षात डिप्रेशनच्या टप्प्यातच फेऱ्या बंद होऊ शकतात. लाटांच्या उंचीसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा अंदाज पाहावा. पत्रकात समुद्र ‘रफ’ असेल असे म्हटले असेल तर त्याचा अर्थ लाटा अडीच ते चार मीटर उंच, म्हणजे उभ्या माणसापेक्षा उंच, असा होतो.

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी एक नोंद ठळक अक्षरांत असावी. पाण्याखाली श्वास घेताना शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो, आणि तो पूर्ण बाहेर पडण्यापूर्वी विमानातील कमी दाबात गेल्यास डीकंप्रेशनचा त्रास होऊ शकतो. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळतात. बरेच प्रशिक्षक सरळ २४ तास सांगतात आणि तेच पाळावेत. खराब हवेत मंगळवारची डाइव्ह गुरुवारवर जाते आणि शुक्रवारी पहाटेचे विमान असते, तेव्हा ‘पैसे भरलेत, उरकून टाकू’ असा आग्रह गटात होतो. त्या क्षणी नाही म्हणणे कठीण जाते. म्हणून डाइव्हची शेवटची तारीख पुण्यातच ठरवावी, आणि ती टळली तर डाइव्ह सोडून द्यावी.

मैत्रीत हिशेब आणि निर्णय यांबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण अडकलेल्या गटात भांडणे होतात ती याच दोन गोष्टींवरून. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावे, की जादा मुक्कामाचा खर्च सामाईक निधीतून होईल की ज्याचा तो करेल, ज्याला कामावर परतणे अत्यावश्यक आहे त्याने आधी एकट्याने निघावे की नाही, आणि जेट्टीवर व हॉटेलशी बोलणी कोण करेल. बोलणारी व्यक्ती एकच असावी. चौघांनी चार ठिकाणी फोन केले की चार वेगवेगळ्या बातम्या येतात. रजेच्या अर्जातही एक-दोन दिवस जास्तीचे मागून ठेवावेत. प्रत्येकाच्या घरी एका कागदावर मुक्कामांची नावे, फोन क्रमांक आणि तारखा लिहून ठेवाव्यात, म्हणजे फोन लागला नाही तरी आई-वडिलांना आपण कुठे आहोत हे कळेल.

सामान थोडे असावे. नेहमीची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतकी घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्यापूर्वी तासभर तरी आधी घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही. बोटीत जागा मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मिळाली तर हेलकावे कमी जाणवतात. ओळखपत्राच्या मूळ प्रतीबरोबर दोन झेरॉक्स आणि काही रोख रक्कम जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड दोनदा दुमडून ठेवावी. लहान बेटांवर एटीएम मोजकी आहेत, आणि वीज व नेटवर्क गेले की यूपीआय बंद पडते. पॉवर बँक आणि टॉर्च अर्थातच हवेत.

खाण्याचे म्हणाल तर पुण्याच्या घरांत याचे ज्ञान पिढीजात आहे. दुधात कणीक भिजवून, पाण्याचा थेंबही न लावता केलेल्या दशम्या नीट गार करून कापडात बांधल्या तर दोन-तीन दिवस टिकतात. गरम असतानाच डब्यात भरल्या तर आतल्या वाफेने दुसऱ्या दिवशीच आंबतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाकरवडी आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा घ्यावा. फेऱ्या बंद पडल्या की बेटावर भाजीपाला आणि दूध येणेही थांबते, त्यामुळे हॉटेलचे स्वयंपाकघर आटते, हे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्षात अडकलात तर सर्वप्रथम खोली सोडू नका. मुक्काम वाढवून घेतल्यावरच जेट्टीकडे जा आणि पुढच्या बोटीच्या यादीत नावे लिहून घ्या. आजारी, वृद्ध आणि लहान मुले असलेल्यांना आधी जागा मिळते. त्यावरून वाद घालू नये. कोणी नावाडी जास्त पैशांत लहान बोटीने सोडायला तयार झाला तर ठाम नकार द्यावा. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली पर्यटकांची बोट उलटून वीसहून अधिक जणांचा जीव गेला, आणि तेव्हा तर वादळही नव्हते. वारा असेपर्यंत किनाऱ्यावर पोहायला उतरू नये, आणि भाड्याची स्कूटर घेऊन मोठ्या झाडांखालच्या रस्त्यांवर फिरू नये.

त्याच दिवशी फेरी रद्द झाल्याचा संदेश किंवा जेट्टीवरच्या सूचनेचा तारखेसह फोटो, हॉटेलच्या जादा मुक्कामाचे बिल आणि विमान कंपनीचे पत्र असे सगळे एका ठिकाणी जमा करावे. विम्याचा दावा करण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते, आणि पुण्यात परतल्यावर बेटावरच्या हॉटेलकडून सही-शिक्क्याचे बिल मागवणे फार जिकिरीचे होते.