कचोऱ्याचे तेल तपासायला देताना: उष्णतेने बदलणारे घटक नीट मोजून घ्या

पाने पिवळी पडून वाळली की हळदीच्या कुळातल्या कचोऱ्याची काढणी सुरू होते आणि तेलाचे नमुने तपासणीला जाऊ लागतात. अहवालात तेलाच्या घटकांपैकी कर्झरीन भरपूर आणि फ्युरॅनोडाईन नावापुरते दिसले, तर लगेच बेण्याला दोष देऊ नका. फ्युरॅनोडाईन तापले की त्याच्या रेणूची मांडणी बदलून कर्झरीन होते. जर्माक्रीन-ए या दुसऱ्या घटकापासून बीटा-एलेमीनही असेच बनते. हा बदल तेल काढण्याच्या भट्टीत होतो, तसाच तपासणीच्या यंत्रातही होतो. तो नेमका कुठे झाला हे कळल्याशिवाय अहवालावर भाव ठरवू नये.

म्हणून तेलासोबत त्याच लॉटचे कंदही द्या. कंद धुऊन, पातळ काप करून सावलीत वाळवा. ड्रायर वापरत असाल तर तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका. प्रयोगशाळेला या कापांचा अर्क हेक्झेन या द्रावकात, न तापवता काढायला सांगा. अर्कात फ्युरॅनोडाईन भरपूर आणि तेलात कमी आले, तर बदल भट्टीत झाला. मात्र दोन्ही नमुने एकाच थंड पद्धतीने मोजलेले हवेत.

तेलातले पाणी निर्जल सोडियम सल्फेटने काढा. १० मिलिलिटर तेलाला साधारण १ ग्रॅम घाला. खडे एकमेकांना चिकटले तर आणखी थोडे घाला, सुटे राहिले की गाळा. तपकिरी काचेची लहान बाटली जवळजवळ काठोकाठ भरा, कारण वर हवा राहिली की तेल ऑक्सिडाइज होते. झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर हवे. रबर तेल शोषते. बाटली ४ अंशांवर ठेवा आणि बर्फाच्या पॅकसह पाठवा.

आता यंत्र. गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र तेलाची वाफ करून त्यातले घटक वेगळे करते; त्याचा इंजेक्टर, म्हणजे नमुना आत सोडण्याचा भाग, बहुधा २५० अंशांच्या आसपास ठेवतात. तोच नमुना १५० अंशांवरही चालवून घ्या. कमी तापमानाला फ्युरॅनोडाईन वाढून कर्झरीन घटले, तर बदल यंत्रातच होत होता. पण १५० अंशांवर जड घटक पूर्ण वाफ होत नाहीत, तेव्हा ही फक्त चाचणी समजा. तो आकडा अंतिम धरू नका. शिवाय कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, तीही तापतेच: आलेखातल्या दोन शिखरांमधली रेषा खाली न येता उचललेली राहिली, तर रेणू वाटेत बदलत आहेत. आमच्या मते अशा तेलासाठी सामान्य तापमानावर चालणारे एचपीएलसी (वाफ न करता द्रवातच घटक वेगळे करणारे यंत्र) सर्वांत भरवशाचे.

अहवालातले ‘क्षेत्रफळ टक्के’ हा आलेखातल्या शिखराच्या क्षेत्रफळाचा वाटा असतो; ते वजनाचे टक्के नव्हेत. खरेदीदाराला ग्रॅममागे मिलिग्रॅम हवे असतील, तर शुद्ध फ्युरॅनोडाईनच्या मानकाशी (तुलनेसाठीच्या नमुन्याशी) ताडून केलेली मोजणी आधीच मागून घ्या.