कोल्हापुरात बसून ब्लॉग लिहायचाय? मग हे वाचा

ब्लॉग सुरू करायचाय, विषय काय घेऊ, असं विचारणारी कॉलेजची पोरं-पोरी अधूनमधून भेटतात आणि मी सगळ्यांना एकच सांगतो, चालत नाहीतर फार तर केएमटीच्या सिटी बसनं जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून येता येईल असा विषय घ्या. देशाचं राजकारण, क्रिकेट, मोबाईलचे रिव्ह्यू यावर लिहिणारे ढिगानं आहेत आणि त्यांच्याकडं माहिती आपल्याआधी पोचते. कपिलतीर्थ मार्केटात श्रावणात कुठली रानभाजी आली, काय भावानं गेली, विकणारी बाई कुठल्या गावची, हे मात्र तुम्ही नाही लिहिलं तर कोणच लिहिणार नाही.

दुसरं म्हणजे वाचणारा आज येणार नाही असं धरून लिहा. तो पाच-सात वर्षांनी काहीतरी शोधत येणार आहे. हे मला पुरानं शिकवलं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा मी जमेल तसं रोज लिहीत होतो, पण मनाला काय वाटलं ते कमी आणि बघितलेलं जास्त, म्हणजे बंधाऱ्यावर अमुक फूट असताना आमच्या भागात पाणी कुठल्या कोपऱ्यापर्यंत आलं, कुठला रस्ता आधी गेला, लाईट कधी गेली, प्यायचं पाणी कुठनं मिळालं. २०२१ च्या जुलैत पाणी परत चढायला लागलं आणि लोकांनी तीच जुनी पानं शोधून काढली, एकमेकांना पाठवली. कारण बातमीत आकडा असतो, पण तो आकडा झाला की आपल्या गल्लीत काय होतं ते नसतं. सुतारवाड्यात पाणी लवकर शिरतं हे सगळ्यांना माहीत आहे, पुढं आपल्या दारात कधी येणार हे ज्याला त्याला जाणून घ्यायचं असतंय.

म्हणून माझा नियम असा की ‘काल’, ‘सध्या’, ‘गेल्या आठवड्यात’ हे शब्द लिहायचेच नाहीत. पूर्ण तारीख, साल, जागा, भाव. मिसळीवर लिहिलंत तर प्लेट किती रुपयाला होती तेही लिहा. चव सगळेच सांगतात, भाव कोण लिहून ठेवत नाही आणि पुढं तोच वाचायला मजा येते.

चर्चेच्या मागं पळू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. त्यावर लिहिताना मी बातमी दोन ओळीत उरकली आणि बाकी सगळं कातड्यावर लिहिलं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते कसं कमावतात, कापशी आणि पुकारी या चपलेच्या प्रकारांत फरक काय, कारागिराच्या घरी कातड्याच्या वेण्या कोण घालतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली आणि जो तो त्यावर बोलायला लागला, तेव्हा वाचला गेला तो हाच जुना मजकूर, आधीपासून तिथं होता म्हणून. आणि हो, कारागिरावर लिहिलं की टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवा. ते दुरुस्त्या सांगतात, त्या फार मोलाच्या असतात, आणि नाव-फोटो नको म्हणाले तर नको, तिथं आग्रह करायचा नाही.

एकच गोष्ट दर वर्षी लिहायलाही लाजू नका. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं बघा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि जानेवारीच्या शेवटी, मावळतीची किरणं एखाद्या वर्षी मूर्तीच्या चेहऱ्यापर्यंत जातात, एखाद्या वर्षी ढगांमुळं किंवा मधल्या अडथळ्यांमुळं खालीच राहतात. दर वर्षी चार ओळी लिहिल्या तरी काही वर्षांनी ती नोंदच बोलायला लागते.

ऐकीव गोष्टीला मात्र आधार शोधायचाच. शाहू महाराजांबद्दल तर प्रत्येक घरात एक गोष्ट आहे, ती ‘आमच्या आजोबांनी सांगितलेली’ म्हणूनच लिहा, आणि २६ जुलै १९०२ चा, मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखायचा जाहीरनामा असला विषय असेल तर पुस्तक उघडा. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे, जाऊन बसा की.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, कृतिदेव-श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमधलं लिखाण तसंच चिकटवलं तर ते सर्चमध्ये सापडत नाही. दुसऱ्याच्या जागेवर सगळा भरवसा नको, ब्लॉग एका जागी वाचायचं गूगल रीडर २०१३ ला बंद झालं, फेसबुकसारखं ऑर्कुट २०१४ ला, आणि त्यांच्यासोबत वाचकांची सवयही गेली. परवडलं तर स्वतःचं डोमेन घ्या. ब्लॉगरवर असाल तर बॅकअप अधूनमधून उतरवून ठेवा, पण त्या फाईलीत फोटो येत नाहीत, ते वेगळे जपा.

पैसे? मराठी ब्लॉगच्या जाहिरातींवर घर चालेल असं समजून नोकरी सोडू नका. पण लिहिलेलं दाखवता येतं, मला अनुवादाची आणि मजकूर तपासायची कामं त्यातनंच मिळाली, आणि पैसे त्या कामांचे.

अजूनही विषय सुचत नसेल तर एक देतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन लागला की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, सगळ्या संघांचे निकाल पेपरात येतात. पण ज्यांनी पूर्वी अनवाणी खेळून पेठेचं नाव केलं त्यांचं बोलणं फारसं कुणी लिहून घेतलेलं नाही. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर ही मंडळी बसलेली असतात, कुणीतरी ओळखीचं सोबत घेऊन जा, आधी फक्त ऐका, रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करा, आणि कुठलं साल, कुठलं मैदान, समोर कुठली टीम, हे तीन प्रश्न विसरू नका.