जाहिरात नेमकी कुठे अडली, हे शोधताना

दिवाळी तोंडावर आली की सदाशिव पेठेपासून वाकडपर्यंत घरगुती फराळ करणाऱ्या बायकांचे मला फोन सुरू होतात, आणि बहुतेकींची तक्रार एकच असते : "ताई, इन्स्टाग्रामवर जाहिरात लावून दोन दिवस झाले, पण ती दिसतच नाही हो." त्यावर मी आधी एवढेच विचारते, की ती कोणालाच दिसत नाही, की फक्त तुम्हाला दिसत नाही? आपण स्वतः आपल्या ग्राहकवर्गात बसत नसलो तर आपलीच जाहिरात आपल्या फोनवर येणार नाही, आणि त्यात काहीही बिघडलेले नसते. म्हणून फोन बाजूला ठेवून अ‍ॅड्स मॅनेजर, म्हणजे इन्स्टाग्रामच्या जाहिराती लावण्याचे आणि सांभाळण्याचे साधन, उघडावे आणि 'इम्प्रेशन्स'चा, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली याचा, आकडा पाहावा. तो शून्य असेल किंवा ठरवलेल्या खर्चाच्या मानाने अगदीच किरकोळ असेल, तरच पुढची तपासणी करावी.

अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये कॅम्पेन (मोहिमेचे उद्दिष्ट), अ‍ॅड सेट (ग्राहक, खर्च आणि वेळ) आणि अ‍ॅड (प्रत्यक्ष चित्र आणि मजकूर) अशा तीन पायऱ्या असतात, आणि वरच्या पायरीचे बटण बंद असेल तर खालचे सगळे बंदच राहते. तिन्ही ठिकाणचा 'डिलिव्हरी'चा, म्हणजे जाहिरात दाखवली जाते आहे का हे सांगणारा, रकाना क्रमाने वाचावा. 'इन रिव्ह्यू' दिसत असेल, म्हणजे जाहिरात नियमांत बसते का हे तपासले जात असेल, तर थांबावे. तपासणी साधारणपणे २४ तासांत होते, पण कधी अधिकही वेळ लागतो. 'रिजेक्टेड', म्हणजे नाकारलेली, असेल तर दिलेले कारण वाचून मजकूर किंवा चित्र बदलावे, आणि नकार चुकीचा वाटत असेल तर फेरतपासणी मागावी. तीच जाहिरात जशीच्या तशी पुन्हा पुन्हा टाकत राहणे मात्र खात्याच्या जिवावर बेतू शकते.

यानंतर पैशाची बाजू पाहावी. कार्डाची मुदत संपली आहे का, आधी भरलेली रक्कम उरली आहे का, हे सगळेच पाहतात. पण पूर्वी कधीतरी घातलेली खात्याची एकूण खर्चमर्यादा कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि ती गाठली गेली की खात्यातल्या सगळ्या जाहिराती एकदम थांबतात. वेळेच्या बाबतीत मी स्वतःच एकदा फसले आहे. खाते उघडताना टाइम झोन लॉस एंजेलिसचा राहून गेला होता, त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका सकाळी ९ वाजता सुरू व्हायची जाहिरात पुण्यात रात्री साडेनऊला सुरू झाली. दिवसभर मी निष्कारण तिचे चित्र बदलत बसले होते.

पुण्यातल्या छोट्या व्यवसायांची जाहिरात सर्वांत जास्त अडते ती ग्राहक निवडताना. कोथरूडभोवती २ किलोमीटरचे वर्तुळ, त्यात २५ ते ३५ वयाच्या स्त्रिया, त्यांतही ठरावीक आवडीच्या, आणि शेवटी भाषा मराठी, अशी चाळण लावली की खाली काहीच उरत नाही. भाषेचा रकाना तर विशेष फसवा आहे. तिथे 'मराठी' निवडल्यावर जाहिरात मराठी बोलणाऱ्यांना दिसेल असे आपण धरून चालतो, पण तो रकाना प्रामुख्याने ज्यांनी अ‍ॅप मराठीत ठेवले आहे त्यांनाच निवडतो. घरात अस्सल पुणेरी मराठी बोलणाऱ्या कितीतरी जणांचे अ‍ॅप इंग्रजीतच असते. जाहिरातीचा मजकूर मराठीत असला म्हणजे तो वाचणारा आपोआप थांबतो. म्हणून हा रकाना मी मोकळा सोडते, वर्तुळ माल घरपोच देता येईल तितके मोठे करते आणि वयाची अट सैल करते.

एवढे करूनही आकडा हलत नसेल तर बोली पाहावी. जाहिरात दाखवण्याच्या प्रत्येक जागेसाठी जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो, आणि त्यात केवळ पैसा नव्हे, तर पाहणारा प्रतिसाद देण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो. 'बिड कॅप' (बोलीची कमाल मर्यादा) किंवा 'कॉस्ट पर रिझल्ट गोल' (एका कृतीमागचा अपेक्षित सरासरी खर्च, पूर्वीचा 'कॉस्ट कॅप') फार खाली ठेवला असेल, तर सणाच्या गर्दीत आपण लिलाव हरतच राहतो. तो वाढवावा किंवा काढून टाकावा.

'डिलिव्हरी'च्या रकान्यात 'लर्निंग लिमिटेड' असे दिसत असेल तर दुखणे वेगळे आहे : जाहिरात कोणाला दाखवावी हे यंत्रणेला पुरेसे शिकता आलेले नसते. शेवटच्या मोठ्या बदलानंतर सुमारे ७ दिवसांत एका अ‍ॅड सेटला साधारण ५० अपेक्षित कृती (खरेदी किंवा चौकशी, जे उद्दिष्ट असेल ते) मिळाल्या, तर यंत्रणेचे शिकणे पूर्ण होते. दिवसाला ३०० रुपये पाच अ‍ॅड सेटमध्ये वाटून प्रत्येकाकडून खरेदीची अपेक्षा केली, तर ते कुठून व्हायचे? सगळे पैसे एकाच सेटमध्ये घालावेत आणि खरेदीऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवरची चौकशी हे उद्दिष्ट ठेवावे. खरेदीच हवी असेल, तर संकेतस्थळावरचा पिक्सेल (पाहुण्यांच्या कृती टिपणारा छोटा कोड) ती खरोखर नोंदवतो का, हे इव्हेंट्स मॅनेजर या नोंदी दाखवणाऱ्या साधनाच्या 'टेस्ट इव्हेंट्स'मध्ये स्वतः एक ऑर्डर देऊन पाहावे.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तारीख आणि वेळ वहीत टिपावी आणि निदान दोन-तीन दिवस हात लावू नये, कारण प्रत्येक मोठ्या बदलासरशी शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तरीही इम्प्रेशन्स शून्यच राहिले, तर मदतकेंद्राला लिहिताना खात्याचा क्रमांक आणि 'डिलिव्हरी'च्या रकान्याचा स्क्रीनशॉट यांसोबत वहीतल्या याच नोंदी द्याव्यात.