बंब आधी आतून घासावा

चिंच-मीठ लावून बाहेरून लखलखीत केलेला तांब्याचा बंब आतून काजळी आणि क्षारांनी भरलेला असला, तर जळण सरतं आणि पाणी कोमटच राहतं. बेळगाव-खानापूरकडे जुलैच्या झडीत बंब रोज पेटतो, म्हणून मोठी सफाई मे महिन्यातच उरकावी.

सुरुवात जळण जिथं पेटतं त्या मधल्या नळकांड्यापासून. बंब पूर्ण गार करून पाणी काढा, वरचं टोपण आणि खालची जाळी बाजूला ठेवा. काठीला गोणपाट घट्ट गुंडाळून किंवा काथ्याचा गोल ब्रश घेऊन वरून खाली फिरवा. तारेचा ब्रश नको. तांबं मऊ, घासून घासून पातळ होतं. भुसभुशीत काजळी लगेच झडते. ती चकचकीत, डांबरासारखी चिकटली असेल तर ओली लाकडं जाळली गेली आहेत असं समजा. 1 लिटर गरम पाण्यात 2 मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून फडक्यानं लावा, अर्ध्या तासानं लाकडी पट्टीनं खरवडा. रोजच्या वापरात हे नळकांडं 15 दिवसांतून एकदा झाडावं. खानापूर-चंदगड पट्ट्यात काजूची टरफलं सहज मिळतात, पण ती बंबात घालू नका. त्यांतल्या झोंबऱ्या तेलाचा धूर डोळ्यांना लागतो आणि नळकांड्यात चिकट थर बसतो. करवंट्या किंवा कोरडा लाकडी कोळसा चांगला.

राख मात्र रोज काढायची. जाळीखाली ती साचली की खालून वारा मिळत नाही, कोळसा नुसता धुमसतो आणि जाळी तापून वाकते. राख पत्र्याच्याच डब्यात भरा, आतले निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतात. पेटता बंब बंद न्हाणीत कधीही ठेवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही.

अथणी-रायबागकडे बोअरचं पाणी जड असेल तर क्षार लवकर धरतात. तापताना कडकड आवाज येतो, चावीची (नळाची) धार बारीक होते. 20 लिटरच्या बंबाला 400 ग्रॅम लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून ओता, बंब काठोकाठ भरा. फेस येतो, म्हणून पाणी ओतायच्या नरसाळ्याचं तोंड उघडं हवं. फेस थांबला की, साधारण 2-3 तासांनी, सगळं काढून तीनदा धुवा. रात्रभर ठेवलं तर आम्ल तांब्यालाच लागतं. संडासाचं अॅसिड अजिबात नको, ते पितळी चावी आणि डाख (जोडांवरचं झाळकाम) दोन्ही खातं.

चावीच्या दांड्यापाशी गळत असेल तर दांड्याभोवतीचा नट (ग्लँड नट) पाव फेरा आवळा. तरी थांबलं नाही तर आत मेण लावलेला सुती दोरा नव्यानं भरा. बंबाच्या जोडापाशी गळत असेल तर चावी काढून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे 8-10 वेढे द्या. फिरवताना बंबाकडचा भाग दुसऱ्या पान्यानं धरून ठेवा, नाहीतर तिथला डाखच उखडतो.

बंब वाया जातो तो बहुतेक कोरड्या जाळानं. आत पाणी आहे तोवर तांबं 100 अंशांच्या फार वर जात नाही. शिसं-कथलाचा डाख मात्र 183 अंशांच्या आसपास वितळू लागतो. आधी पाणी, मगच जाळ. जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार लगेच ओता. चुकून कोरडा तापलाच तर वरून पाणी ओतू नका, तांबं पिळवटून जोड उघडतात. निखारे ओढून काढा आणि आपोआप निवू द्या. जुन्या डाखात शिसं असतं, तेव्हा बंबाचं पाणी आंघोळीलाच, चहा-स्वयंपाकाला नाही.

गळती शोधायला बंब काठोकाठ भरून बाहेरून कोरडा पुसा आणि जोडांवर चाळलेली राख चोळा; जिथं ती काळपट ओली होते तिथं भोक. एमसील आगीच्या बाजूला टिकत नाही. तेवढा जोड साफ करून नव्यानं डाख देण्याचं काम तांबटाकडेच द्यावं.