बर्फ अर्धा, पाणी अर्धं

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून रत्नागिरीत लॅबला लागले, तेव्हा वाटायचं मशीन चांगलं असलं की रिपोर्ट बरोबरच येणार. तो भ्रम युरिक ॲसिडने उतरवला.

युरिक ॲसिड रक्तात वाढलं की सांधे सुजतात. पायाचा अंगठा सुजलेले एक काका आले होते. महिन्यापूर्वीचा आकडा ८.४, आमच्याकडे आला ३.१. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, ठीक आलं; सॅम्पल पुन्हा लावलं तरी तेच. शेवटी फोन केला. "अगो, अशक्तपणा होता म्हणून सकाळीच सलाईनमधून व्हिटॅमिन सी घेतलंय," काका म्हणाले.

युरिकेज एन्झाइम युरिक ॲसिडचं ॲलँटॉइन करतं, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि त्याच्यामुळे रंग येतो. मशीन मोजतं तो हा रंग. व्हिटॅमिन सी ते पेरॉक्साइड मधल्यामधेच संपवतं, मग रंग फिका आणि आकडा खाली. काही किटमध्ये, म्हणजे तपासणीच्या रसायनांच्या संचात, यासाठी एस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे सीला आधीच संपवणारं एन्झाइम घातलेलं असतं, पण सलाईनच्या डोसपुढे तेही अपुरं पडू शकतं. सी घेतल्याने युरिक ॲसिड खरोखरही थोडं उतरतं, पण सकाळच्या एका सलाईनने ८ चं ३ होत नाही. दोन दिवसांनी नवं सॅम्पल घेतलं: ८.१. किटमधला घडी घातलेला कागद वाचा, मर्यादा त्यातच लिहिलेल्या असतात.

युरिक ॲसिडची ट्यूब तशी सोशिक. पण व्हिटॅमिन सीच मोजायचं असेल, तर ती ट्यूब तशी नाही. हवा, उजेड, उष्णता, सगळ्यांनी ते ऑक्सिडाइज होतं. ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळा, गार ठेवा, थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा, प्लाझ्मा, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, लगेच सी टिकवणाऱ्या मेटाफॉस्फोरिक ॲसिडमध्ये मिसळा आणि उणे ७० अंशांना ठेवा. पुढे मोठ्या लॅबमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, मोजतात.

गार ठेवा म्हणजे कसं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मिरकरवाड्याहून मासळीसाठी फोडलेला बर्फ आणला आणि ट्यूब त्यात खुपसली. काचेला टेकलेल्या रक्ताचा बर्फ झाला, पेशी फुटल्या, प्लाझ्मा आमसुलाच्या आगळासारखा लाल. फुटलेल्या पेशींमधलं लोह सीला आणखी लवकर खातं, म्हणजे ते सॅम्पल गेलंच. तेव्हापासून मगात अर्धा बर्फ, अर्धं पाणी, आणि ट्यूब त्यात.

प्लाझ्मात ११ मायक्रोमोल प्रति लिटरच्या खाली सी आलं तर कमतरता धरतात. पण रोज आवळा खाणाऱ्या माणसाचं ४ आलं, तर आधी ट्यूब किती वाजता काढली आणि किती वाजता फिरवली ते बघा. मी आता दोन्ही वेळा ट्यूबवरच लिहिते. फॉर्मवर "काल-आज सलाईन, गोळी?" हाही प्रश्न हाताने लिहिते, कारण छापील फॉर्मात तो नाहीच.