धडा गावाशी जोडताना या चुका टाळा

दर पावसाळ्यात एखाद्या नव्या शिक्षकाचा फोन येतो. ‘सर, जीवनाशी जोडलेला एखादा उपक्रम सांगा की, उद्याच घ्यायचाय.’ त्यातला ‘उद्याच’ मला खटकतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडा हे पहिल्याच काही तत्त्वांत सांगितलंय, पण ते एका रात्रीत जोडता येतं असं कुणीच म्हटलेलं नाही. कोल्हापुरात सातवी ते नववीला गणित आणि विज्ञान शिकवताना २२ वर्षं गेली. या काळात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्यांतल्या दोन मी स्वतः केल्यात, त्या जरा सविस्तर सांगतो.

गावाचं नाव घातलं म्हणजे गणित गावचं होत नाही

पुस्तकात बस ताशी ६० किलोमीटर वेगानं जाते. शिक्षक त्यात ‘बिंदू चौक ते रंकाळा’ घालतात आणि उदाहरण स्थानिक झालं असं समजतात. एकदा असंच उदाहरण फळ्यावर असताना मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, रंकाळ्याला साठनं गाडी जातीय व्हय? महाद्वारातच अडकतीया.’ पोरगं बरोबर बोलत होतं. जायला खरंच किती वेळ लागतो, मग सरासरी वेग किती, हा खरा प्रश्न त्याच्याच वाक्यात होता.

तेव्हापासून ‘वेग’ हा धडा मी घर ते शाळा या रस्त्यावर घेतो. पाच दिवस निघायची आणि पोचायची वेळ वहीत लिहायची. कसबा बावड्याहून सायकलवर येणारा, एसटीनं येणारी, चालत येणारे, सगळ्यांचे आकडे वेगळे पडतात. गाडीच्या काट्यावरचा वेग आणि सरासरी वेग वेगळे का, हे मग मला सांगावं लागत नाही. एसटीवाली पोरं थांब्यांवर गेलेली मिनिटं स्वतःच मोजून आणतात.

गुऱ्हाळाला नेलं आणि पोरं रस पिऊन आली

हे माझंच. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. उत्साहानं आठवीचा अख्खा वर्ग करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर नेला. पोरांनी रस प्यायला, गरम काकवी चाटली, चिपाडाच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगावर उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी लिहून आणायला सांगितलं तर ४० वह्यांत ४० वेळा ‘आमची सहल’. विज्ञानाचं एक वाक्य सापडलं नाही, आणि त्यात पोरांचा काही दोष नव्हता. मी त्यांना काही शोधायलाच दिलं नव्हतं. बघायला नेलं, त्यांनी बघितलं.

पुढच्या वर्षी नेण्याआधी एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळतं, मग काहिलीतला, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईतला, उकळता रसही १०० वरच थांबेल का? वर्गानं मत दिलं. जवळजवळ सगळे म्हणाले, थांबणार. प्रश्न चांगला होता, पण तयारी अर्धवट होती. प्रयोगशाळेतला नेहमीचा तापमापक घेऊन गेलो. तो ११० अंशांपर्यंतच मोजतो, आणि गूळ उतरतो ११८ च्या आसपास. पारा १०५ च्या वर सरकताना पाहिला आणि घाईनं तापमापक बाहेर काढायला लावला. नाहीतर काच फुटून पारा अख्ख्या काहिलीत गेला असता आणि गुऱ्हाळवाल्याचा अख्ख्या दिवसाचा गूळ फेकावा लागला असता. ती भीती अजून आठवते. आता २०० अंशांच्या पुढे मोजणारा, पारा नसलेला तापमापक लागतो हे मी आधी फोनवरच सांगतो. तो लांब काठीला पक्का बांधायचा, काहिलीत फक्त गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्यानं, धरायचा. पोरं चुलवाणापासून, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीपासून, दोन मीटर लांब. यात तडजोड नाही.

त्या दिवशी पोरांनी गुळव्या मामांना विचारलं, तापमान वर का चाललंय? मामा म्हणाले, ‘पाणी उडून चाललं की. आता साखरच जास्ती उरलीया, तिला जाळ जास्तीच लागणार.’ शाळेत आल्यावर हे वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं आणि त्याच्या शेजारी पुस्तकातलं वाक्य: विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण वाढलं की द्रावणाचा उत्कलनांक वाढतो. दोन्ही वाक्यं एकच आहेत हे पोरांनीच शोधलं. हा परत येण्याचा तास बहुतेक शिक्षक गाळतात. त्याविना गुऱ्हाळ म्हणजे सहलच.

त्याच भेटीतून वजनांचं गणित निघतं. १०० किलो उसातून यंत्राच्या घाण्यावर साधारण ६० किलो रस निघतो आणि शेवटी १० ते १२ किलो गूळ हाती येतो. बाकीचं गेलं कुठं? चिपाड किती, मळी (रसावर येणारी घाण) किती, वाफ किती? जवळपास ४५ किलो पाणी हवेत गेलं, हा आकडा पोरं स्वतः काढतात तेव्हा वस्तुमान अक्षय्यतेचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. रसात चुना का घालतात हे विचारायला लिटमस कागद बरोबर ठेवा. भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येते, ती काढतानाही पोरांना उभं करा.

सगळ्यांचं गाव एकच आहे असं धरू नका

ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर ओसरून शाळा रुळावर आल्या होत्या. दिवाळीनंतर आठवीला आलेख घेत होतो. वाटलं, याहून जवळचं उदाहरण नाही. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी गेलं ५५ फूट ७ इंचांवर. रोजची पातळी मांडा म्हटलं. शहरातली पोरं हिरिरीनं कामाला लागली. नदीकाठच्या गावातल्या एका मुलीचा आलेखाचा कागद कोराच. मी जवळ जाऊन म्हणालो, ‘तुमच्याच गावात पाणी होतं आणि तुलाच जमंना?’ ती खाली बघून म्हणाली, ‘सर, आमच्या म्हशी दावणीलाच होत्या.’

मला पुढं काही बोलता आलं नाही. सोडायला वेळच मिळाला नव्हता. माझ्यासाठी जो आकडा होता ती तिच्या घरची रात्र होती. ‘जवळचं उदाहरण’ म्हणताना ते कुणाच्या किती जवळ आहे हे मी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मी तिची सगळ्यांसमोर नाही, मधल्या सुट्टीत माफी मागितली. तिनं पुराचा आलेख शेवटपर्यंत काढला नाही, गुळाच्या भावाचा काढला, आणि तो उत्तम होता.

आता माझी सवय ठरलेली आहे. पूर, दुष्काळ, आजारपण, कर्ज यांच्याशी जोडलेला धडा असेल तर दोन आठवडे आधी काठच्या गावातल्या पोरांशी एकेकट्यानं बोलतो. आकड्यांचे तीन संच ठेवतो: नदीची पातळी, पावसाचे मिलिमीटर, मार्केट यार्डातले गुळाचे भाव. कुणी काय निवडलं आणि का, हे वर्गात विचारत नाही.

पुराच्या आलेखातली गणिताची एक चूक मात्र सगळ्यांकडूनच होते, शिक्षकांकडूनही. ५५ फूट ७ इंच म्हणजे ५५.७ फूट नव्हे. फुटात १२ इंच, म्हणून ७ भागिले १२, म्हणजे ५५.५८. दशांश अपूर्णांक समजलाय का हे तपासायला यापेक्षा चांगला प्रश्न मला सापडलेला नाही.

आणि क्युसेक. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी घराघरात ऐकतात, पण शब्द कुणी उलगडत नाही. एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. तिथं सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एकातून १४२८ क्युसेक. गुणाकार पोरांना करू द्या. सेकंदाला ४० हजार लिटर, १० हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला, एका दरवाजातून. एवढं पाणी पंचगंगेला यायला किती तास लागतात हे नदीकाठच्या पोरांना अंदाजानं माहीत असतं. वर्गातला तो तास त्यांनाच घेऊ द्या.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दुकानातनं तयार प्रकल्प आणू देऊ नका. वेडंवाकडं पण हातचं आणा, असं पालकसभेत एकदा ठणकावून सांगितलं की वर्षभर पुरतं.

नदी दहा मिनिटांवर असताना नदीचा व्हिडिओ दाखवू नका.

शाहू महाराज २६ जूनच्या भाषणापुरते ठेवू नका. घरी आजीला विचारायला लावा: कितवीपर्यंत शिकलीस, का थांबलीस? मग १९१७ साली त्यांच्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, या ओळीशी ती उत्तरं ताडून बघा. तो तास गप्प होतो, होऊ द्या.

चपलेचा धडा आला म्हणून एखाद्या मुलाला ‘तुझ्या घरी करतात ना, सांग सगळ्यांना’ म्हणून उभं करू नका. कारागिराला रीतसर बोलवा, मान द्या, मानधन द्या. बाभळीची साल आणि हिरडा कातडं कसं पक्कं करतात हे रसायनशास्त्र आहे, ते जाणकाराकडून ऐकायचं असतं. मुलाची जात त्यासाठी वर्गासमोर आणायची नसते.

पोरगं गुऱ्हाळाचं सांगताना ‘उकळाय लागलंय’ म्हणालं तर मधेच ‘उकळत आहे’ करू नका. लिहिताना करा. बोलताना टोकलं की ते पुन्हा तोंड उघडत नाही.

आणि प्रत्येक धडा जोडायचा हट्ट नको. बैजिक राशींचे अवयव हे सरावानंच येतात. तिथं ओढूनताणून कांदे-बटाटे आणले की मूळ कल्पनाच झाकली जाते.

‘अभ्यासक्रम कधी संपवायचा?’

ही तक्रार खरी आहे, टाळण्यासारखी नाही. मी वर्षाला असे तीनच धडे घेतो. पावसाळ्यात पाणी, हिवाळ्यात गुऱ्हाळ, आणि मधे रस्त्याचा वेग. एकेका धड्याला चार तास: एक प्रश्नाचा, एक बाहेरचा, दोन परत येण्याचे. बाकी पुस्तक नेहमीसारखं चालतं. पहिल्याच वर्षी पंधरा उपक्रमांची यादी करणारे शिक्षक मला भेटतात. डिसेंबरपर्यंत त्यांची यादी फळ्याच्या कोपऱ्यात पुसट झालेली असते. त्यांना मी एकच निवडायला सांगतो.

तुम्हालाही एकच निवडायचं असेल तर गुऱ्हाळ निवडा. दिवाळीच्या सुमारास चुलवाणं पेटतात. त्याआधी एकट्यानं जाऊन या, गुळव्याशी बसून बोला, तुमचा प्रश्न त्याला सांगा. आणि तापमापक किती अंशांपर्यंत मोजतो, ते निघण्यापूर्वी वाचा.